सभामंडपाच्या दारातल्या सपाता

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी संडासातल्या सपातांची एक जुनी जोडी आहे. जपानमधल्या तोयामाच्या किनाऱ्यावरच्या एका बुद्धमंदिरात माझं आयुष्य गेलं. कारखान्यातून आले तेव्हा मी जांभळी होते. आता रंग विटला. आमच्याकडची रीत अशी, की घरातल्या सपाता संडासाच्या दाराशी काढायच्या, मला पायांत घालायचं आणि निघताना मला आतच सोडायचं. बाहेरचं जग मी नुसतं ऐकलं. पण काय ऐकलं! मंदिराचे पुजारी शुनकाईबुवा गाऊन प्रवचन करू लागले, की अमिदा बुद्धाची करुणा भिंतींतून झिरपत माझ्यापर्यंत यायची.

बुवांच्या पत्नी मित्सुएबाई मला रोज धुऊन ठेवत. पाहुणे म्हणत, "इथला संडाससुद्धा देवघरासारखा!"

गेल्या शरदात बुवांचे पाय वरचेवर येऊ लागले. कधी घाईघाईने, कधी नुसतंच कुंथत बसायला. मग एकदा पाण्यात लाल दिसलं. "मूळव्याध मेली," असं पुटपुटून त्यांनी पाणी सोडलं. पुन्हा दिसलं, पुन्हा पाणी सोडलं. आठवडे उलटले. माझ्यावर पडणारा त्यांचा भारही हलका होत चालला. तो माझ्याशिवाय कोणाला कळणार? मला चैन पडेना.

बाहेरून मित्सुएबाई ओरडत, "अहो, आत झोपलात की काय?"

"निर्वाण शोधतोय!"

"मग लवकर शोधा, आमटी निवतेय."

गुरुपुण्यतिथीचा उत्सव आला. प्रवचन ऐन रंगात असताना बुवा उठून धावत आले, आणि परतण्याच्या घाईत मला पायांत घालूनच निघाले! सभामंडपाच्या दारात मी प्रथमच सोनेरी बुद्ध पाहिला. पुढे बसलेली कोळीण ओकिनुआजी खिदळली, "बुवा, मोक्षाला जाताना संडासही बरोबर नेताय?"

सगळा मंडप हसला. बुवाही हसले. मला उचलायला वाकलेल्या मित्सुएबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या टाचेवर रक्ताचा थेंब होता.

"हे कधीपासून?"

"अगं, मूळव्याध आहे. उत्सव होऊ दे."

"कोणी तपासून सांगितलं?"

ओकिनुआजीचं हसू मावळलं. "आमचा दादाही मूळव्याधच म्हणायचा, बुवा. मासेमारीचा हंगाम होऊ दे म्हणायचा. हंगाम झाला, दादा राहिला नाही."

दुसऱ्याच दिवशी बुवा दवाखान्यात गेले. दुर्बिणीच्या नळीने तपासलं, तर आतड्यात कर्करोगाची गाठ. ती काढली. तपासण्या अजून चालू आहेत. दार वाजलं की माझा जीव अजूनही खालीवर होतो.

मित्रांनो, मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. घरात कोणाच्या शौचात रक्त पडत असेल, शौचाची सवय दोन-तीन आठवडे बदललेली असेल, पोट दुखत राहत असेल, उगाच वजन उतरत असेल, थकवा हटत नसेल, तर लाजू नका, डॉक्टरांकडे न्या. बहुतेकदा साधंच काहीतरी निघतं. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, सणावाराला नव्हे.

आज सकाळी बुवा आले. गुणगुणत उभे राहिले, आणि मी किंचित जास्त दबले. मित्रांनो, तो भार किती गोड होता म्हणून सांगू!