तेलाचा काटा आणि टेपचे वेढे

सासरा इलेक्ट्रिशियन आणि जावई प्लंबर असला की काय होतं, हे त्या घरच्या लेकीला विचारावं. पाणी आणि वीज एकत्र आणू नये म्हणतात. तिने तर लग्न करून आणली होती. "जावईबापूंना सगळं जग म्हणजे गळका नळ वाटतं," असं सासरे म्हणायचे आणि जावई हसून सोडून द्यायचा. मनातून मात्र त्याला वाटे, या माणसाने एकदा तरी आपल्याला आपलं म्हणावं.

अशात सासऱ्यांच्या जुन्या गाडीचा तेलाचा लाल दिवा चढावर लुकलुकायला लागला.

"पुरे झालं," लेक म्हणाली. "भर रस्त्यात इंजिन बसलं तर? विकून टाकू."

सासरे गाडीच्या टपावरून हात फिरवत राहिले. निवृत्त माणसाला घराबाहेर पडायला तेवढं एकच निमित्त होतं. ती गाडी गेली तर बाबा खिडकीपाशी बसून राहतील, हे जावयाला दिसत होतं. म्हणून तोच मध्ये पडला. "दिव्याचा काय भरवसा? तेलाचा दाब आणि तापमान दाखवणारे दोन काटे बसवू. दाब नसला तर खुशाल विक."

"ठरलं," लेक म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी दोघे कामाला लागले. काटे आणि वायरी सासऱ्यांकडे, इंजिनात दोन सेन्सर आवळायचं काम जावयाकडे. "तेल गळायला नको हं," सासऱ्यांनी टोमणा मारलाच. झालं! जावयाने सेन्सरच्या आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली, आणखी गुंडाळली आणि अब्रूसाठी म्हणून वर अजून थोडी गुंडाळली. मग पाना असा आवळला की थेंबाची काय बिशाद.

गाडी सुरू केली. इंजिन मजेत गुरगुरत होतं. खाली एक थेंब नाही. जावई छाती फुगवून उठला, तर दाबाचा काटा शून्यावर ढिम्म.

"बंद करा आधी!" लेक दारातून ओरडली. "शून्य म्हणजे संपलंच की." तिने गाड्या घेणाऱ्याला फोन लावायला घेतला.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडी वाचवायला निघाला आणि स्वतःच घालवून बसला.

"थांब जरा," म्हणत सासरे मीटर घेऊन गाडीखाली आडवे झाले. मीटरचं एक टोक सेन्सरच्या अंगाला, दुसरं इंजिनाला. वीज जायला वाट असती तर मीटर वाजला असता. तो गप्प. त्यांनी मान वळवून जावयाकडे पाहिलं. त्यालाही तेव्हाच उमगलं. सेन्सरला वायर एकच. वीज परत जाते ती त्याच्या पितळी अंगातून, आट्यांवाटे इंजिनात. आणि त्याच वाटेवर याने टेपचा कडेकोट बंदोबस्त केला होता. आता हे जन्मभर ऐकावं लागणार, म्हणून त्याने मान खाली घातली.

"काय झालं, बाबा?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. माझीच वायर सैल राहिली." मग हळूच जावयाला, "टेप काढली तर गळेल का हो?"

जावयाने सेन्सर सोडवून आट्यांवर बोट फिरवलं. "निमुळते आहेत. नुसते आवळले तरी नाही गळणार."

"मग काढा. तुम्ही म्हणताय ना."

टेप निघाली, जावयाचे हात कोपरापर्यंत तेलाने माखले आणि गाडी पुन्हा सुरू झाली. दाबाचा काटा उठून ऐटीत मधोमध थांबला. खोटा होता तो लाल दिवाच. सासरे लगेच फेरी मारायला निघाले.

नळाखाली हात धुताना जावयाला राहवेना. "ऐक. वायर ठीक होती. चूक माझ्या टेपची होती."

"माहीत आहे," बायको साबण पुढे करत म्हणाली. "बाबांची वायर कधी सैल असते का?"

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी कुणासाठी स्वतःच्या कामाला नाव ठेवलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं," ती म्हणाली. "फोन तेव्हाच ठेवला मी. काटा हलायच्या आधी."