मानीबाईची माती

दारव्ह्याकडच्या त्या तांड्यात येशूचं देऊळ उभं राहिलं तेव्हा येशूला मानणारी अकरा घरं होती. देवळाच्या भिंती मातीच्या, वर कवेलू. लखीरामने आपल्या घराला लागून जागा दिली. गाणी त्याची बायको मानीबाई सांगायची, बाकीचे तिच्यामागून म्हणायचे.

ती घरं मारझोडीने नाही गेली, पोरांच्या लग्नांनी गेली. येशूवाल्यांशी सोयरीक करायची नाही, असं तांड्याचा प्रमुख हरिसिंग नायक याने पंचायतीत ठरवलं. मिशनमधल्या शिकलेल्या मुली तांड्यात कशाला येतील? छप्पन साली त्या अकरा घरांतल्या देवीलालने थोरल्या पोरासाठी नायकापुढे डोकं टेकलं, तांड्याला जेवण घातलं आणि परत जातीत गेला. येशूवाल्यांची प्रेतं पुरायची मसणवटी त्याच्याच वावरात होती. पुढच्या साली तिथे कपाशी उभी होती. मग एकेक घर त्याच्या वाटेने गेलं.

साठ साली लखीरामचा एकुलता एक पोरगा बाबूसिंग बापापुढे उभा राहिला.

"बा, तीस वर्साचा झालो मी. मले संसार नाही करा लागत?"

"जाऊ द्या त्याले," मानीबाईच म्हणाली. "कायले अडवता?"

बाबूसिंगही जातीत परत गेला. आता देवळात तिघंच उरले: ही दोघं आणि म्हातारी रुपीबाई. उपासना घ्यायला पाळकसाहेब यवतमाळहून एसटीने दोन महिन्यांनी यायचे, ते सहा महिन्यांनी येऊ लागले.

बासष्टच्या पौषात मानीबाई तापाने पडली. एकोणीस दिवस झिजली आणि मंगळवारी सकाळी गेली. लखीरामने एसटीच्या कंडक्टरजवळ पाळकसाहेबांना चिठ्ठी दिली आणि देवीलालचं दार गाठलं.

"चार हात जागा दे, देवीलाल."

देवीलालने मान खाली घातली. "देली असती रे. पण फागुनात पोरीचं लगन हाय. मोडून टाकतीन."

नायक स्वतः चालत आला. "चितेवर ठेव तिले, लखीराम. लाकडं आमी देतो. सारा तांडा येईन खांद्याले."

"तिनं मले सांगतलं होतं, माई माती करजा, जाळू नोका म्हणून."

"मंग तुह्यं तू पाह्य." नायक परत फिरला.

बाबूसिंग गल्लीच्या तोंडाशी उभा होता. पुढे येईना.

"खांदा देला तं मले वाळीत टाकतीन, बा. घरी लहान लेकरू हाय."

"मंग आला कायले?"

बाबूसिंग माघारी वळला. डोळे पुसत तो निघून गेला.

बुधवारी दुपारची एसटी आली, तीत पाळकसाहेब नव्हते. मग लखीरामने सब्बल घेतली आणि देवळाच्या आतलीच जमीन खणायला घेतली. वावर तो दुसऱ्याचं वाहायचा; स्वतःची दुसरी जागाच नव्हती. रुपीबाईने पायाकडून धरलं. मानीबाईचं काही वजनच उरलं नव्हतं. माती लोटून झाल्यावर रुपीबाई दारात थबकली.

"मी आता इथं येणार नाही, दादा."

"काहून?"

"माणूस पुरलेल्या जागी बसून मले गाणं नाही म्हणता येत. भेव वाटते."

पाळकसाहेब आठ दिवसांनी आले. जमिनीवरचा उंचवटा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "प्रार्थनेच्या जागेत प्रेत? लखीराम, आता इथे उपासना कशी घ्यायची?"

"तुमी बुधवारी कोठी होते, साहेब?"

"चिठ्ठीच शनिवारी मिळाली रे मला." त्यांनी उभ्यानेच प्रार्थना केली आणि चारच्या एसटीने परत गेले. पुन्हा आले नाहीत.

त्या रविवारी लखीराम एकटाच भिंतीला टेकून बसला. गाणं म्हणायला तोंड उघडलं, पण पहिली ओळच आठवेना; ती मानीबाई सांगायची. बायकोचा शब्द आपण राखला की देऊळ आपल्याच हाताने बंद केलं, हे त्याला कळेना. तो उठला आणि बैलांना पाणी पाजायला गेला. पुढच्या रविवारी त्याने देवळाचं दार उघडलंच नाही.