तबकावरचा टवका

मित्रांनो, मी एक जुना आणि खरं सांगायचं तर दमलेला वजनकाटा आहे. आयुष्यभर एका टेबलावर बसून असणाऱ्याने दमायचं कशाला, असं तुम्ही म्हणाल. दुसऱ्यांचं ओझं तोलून बघा एकदा, म्हणजे कळेल.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी बैठक, पितळी दांडी, दांडीवर सरकणारं वजन आणि वर बाळ निजवायला पांढरंशुभ्र मुलाम्याचं तबक. तिथून मला लँकेशायरमधल्या हॅडलशॉ गावी पाठवलं. गाव सूतगिरण्यांचं, पण मी पोचलो तेव्हा निम्मी धुराडी थंड पडली होती. तिथल्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बाळांचा दवाखाना भरे. तिथे माझी नेमणूक झाली.

दवाखाना मिस थ्रेलफॉल या नर्सबाईंच्या ताब्यात होता. बाई हाडकुळ्या आणि फटकळ. पण बाळाला ठेवण्याआधी तबकावर स्वतःचे तळवे चोळून ते कोमट करायच्या. कुणी शुभ म्हणून बाळाच्या मुठीत चांदीचं नाणं कोंबलेलं असलं, तर ते काढायला लावत नसत. म्हणायच्या, "असू दे गं, तेवढं नशीब मी वजा करते!"

हॉलमध्ये थंडी अशी, की बाळाला शालीसकटच तोलत आणि शालीचं ठरावीक वजन मागाहून वजा करत. ज्याचं वजन भरत नसे, त्याच्या आईला दुधाच्या पावडरीचा डबा फुकट मिळे. किती सोपं! पण माणसं सोपी नसतात, मित्रांनो.

अ‍ॅग्नेस ऑर्मरॉड गिरणीत विणकाम करायची. तिचं काम सुटलं, मागोमाग नवऱ्याचंही. तरी तिच्या दाराची पायरी गल्लीत सगळ्यांत उजळ असे. तिथल्या बायका रोज सकाळी गुडघ्यांवर बसून पायरी घासत. त्यासाठी साबणाच्या वडीएवढा एक खास दगड मिळे. घरात चूल पेटो न पेटो, पायरी लख्ख हवी. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी घासलेली पायरी.

अ‍ॅग्नेसची तान्ही डोरीन दर गुरुवारी माझ्यावर निजे. माझी दांडी सांगे, पोर बाळसं धरतेय. पोरीचे गाल सांगत, कुठलं काय! मिस थ्रेलफॉल एकदा माझ्याकडे बघत, एकदा पोरीकडे. बाकीची बाळं आधी चिडत, मग रडत. डोरीन रडायचीही कंटाळा केल्यासारखी. मला वाटू लागलं, मीच बिघडलो.

एका गुरुवारी बाईंनी तिला तबकातून उचललं. शाल सुटली. खण्णकन आवाज झाला आणि माझ्या तबकाचा टवका उडाला. तबकात पायरी घासायचा दगड पडला होता.

तिच्या शेजारी राहणारी नेली ओरडली, "अगं बया! पोरगी एवढ्यातच पायऱ्या घासायला निघाली की काय!"

बायका हसल्या. अ‍ॅग्नेस हसली नाही.

"धर्माचं दूध नको आम्हाला, नर्सबाई," ती म्हणाली. "आज डबा घेतला की उद्या तो सरकारी चौकशीवाला दारात. खुर्च्या विका, घड्याळ विका, मग मदत मागा म्हणणार. माझ्या आईनं कधी कुणापुढे हात पसरला नाही."

"तुमच्या आईला विचारलंय कोण?" मिस थ्रेलफॉल म्हणाल्या. त्यांनी डोरीनला शालीतून काढलं आणि उघडंच माझ्यावर ठेवलं. दांडी धाडकन खाली आली. "बघा. दगडाला दूध पाजता येत नाही, बाई. पोरीला येतं. हिवाळा काढायचाय ना हिला?"

अ‍ॅग्नेस बघत राहिली. डबा समोर होता. हात पुढे होईना. शेवटी नेलीनेच तो उचलून आपल्या टोपलीत टाकला.

"चल घरी. कुणी विचारलंच, तर माझा म्हणून सांगीन. माझ्याकडे खुर्च्या उरल्यातच कुठे विकायला सांगायला!"

डोरीनने हिवाळा काढला.

पुढे दुसरं महायुद्ध आलं आणि गेलं. मग एका जुलै महिन्यात राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. डॉक्टर, औषध, चष्मे, कवळ्या, सगळं सगळ्यांना, मोफत. गावातले बोळक्या तोंडाचे म्हातारे एकाएकी दात दाखवून हसू लागले. ओळखू येईनात. अ‍ॅग्नेस कवळी सांभाळत म्हणाली, "आता गिरणीमालकाची बायकोसुद्धा याच रांगेत. मग लाज कुणी कुणाची धरायची?"

माझी ती उमेदीची वर्षं. संत्र्याच्या रसाच्या बाटल्या, माशाचं तेल पाजताना वाकडी झालेली तोंडं. नंतर दूरदेशाहून गिरणीकामाला आलेल्यांची बाळं आली, गळ्यात ताईत घालून. मी सगळ्यांना सारखंच तोललं. "हा काटा खोटं बोलत नाही," असं आया म्हणायच्या. ऐकून पितळ उजळायचं माझं.

मग विजेवर चालणारा काटा आला आणि मी कपाटात गेलो, नाताळच्या झिरमिळ्यांखाली. पुढे दवाखानाच बंद केला. बाळं तोलायला दोन बस बदलून जायचं ठरलं. कुणी रागावलंही नसेल. सवय झाली असेल.

अलीकडे मला पुन्हा बाहेर काढलंय. त्याच हॉलमध्ये, गुरुवारीच, आता अन्नाची मदतपेढी भरते. लोक डबे, पास्ता, चहा दान करतात. जनीन नावाची बाई ते माझ्यावर तोलते आणि गरजूंना वाटते. बाळाऐवजी वाटाण्याचे डबे! पाठ दुखते हो आता.

परवा एक म्हातारी काठी टेकत आली. हातात पिशवी. पिशवीतून तिने बीन्सचा एक डबा काढला आणि तबकात ठेवला.

"दान द्यायला आलेय," ती घाईने म्हणाली. "मागायला नाही."

"द्या की, आजी," जनीन म्हणाली. "नाव काय लावू?"

"डोरीन."

मी दचकलो, पण माझी दांडी बोलते तेवढंच. मला कुठलं तोंड? म्हातारीचं बोट तबकाच्या काठावरून फिरलं आणि टवक्यावर थांबलं.

"अगंबाई! हा अजून आहे?" ती हसली. "माझ्या आईनं पाडलाय हा." आणि मग तिने आईकडून ऐकलेली दगडाची गोष्ट सांगितली, नेलीची नक्कल करून. जनीन पोट धरून हसली.

हसता हसता म्हातारीची नजर बीन्सच्या डब्यावर गेली. मागाहून कळलं, घरातला तो शेवटचा डबा होता. खोली गरम करायला गॅस पेटवला तर पातेलं रिकामं, पातेलं भरलं तर खोली गार, अशी तिची थंडी चालली होती.

तिने हळूच डबा उचलून बाजूला ठेवला आणि रिकामी पिशवी माझ्या तबकात ठेवली.

माझी दांडी हलली नाही. इतकं खरं वजन कित्येक वर्षांत कुणी माझ्यावर ठेवलं नव्हतं.

जनीनने तबकावर तळवे चोळले, का कोण जाणे, आणि पिशवी भरायला घेतली.

मित्रांनो, मला तेल देऊ नका, पुसूही नका. मी थकलोय, मला चालेल. फक्त कुणाला आपली भूक दगडाखाली लपवावी लागेल, असं वागू नका. आणि तुमच्यावर वेळ आलीच, तर रिकामी पिशवी बिनधास्त पुढे करा. तोलायला मी आहे अजून.