पास केलेलं जहाज

"साहेब, तुम्ही आकडे दाखवले अन् माणसं लपवली. तुम्ही माझ्या पोरीला फसवलं!"

गुलाबरावांनी एवढं लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. महाराजपूरच्या घरात समोरच त्यांची लेक भावना बसली होती, उजव्या मनगटाला पट्टा आवळून. क्रूझ जहाजावर सात महिने गाद्या उचलून मनगट कामातून गेलं होतं. शनिवारी परत हजर व्हायचं, नाहीतर नाव कटणार. पत्र होतं नोकरी मेळाव्यातल्या साहेबाला. त्यानंच दोन जहाजांचा तक्ता, यातलं एक निवडा म्हणून, बापलेकीच्या हातात ठेवला होता. स्वतःची चूक बोचायला लागली की माणसाला आधी साहेब आठवतो.

"कसं जमलं?"

"जोरदार," भावना म्हणाली. "पण खोटं आहे."

"खोटं काहून?"

तिनं उठून डाव्या हातानं कपाटातला तक्ता काढला आणि त्यांच्या पुढ्यात टाकला. एक जहाज तीस हजार टनांचं, बावीस वर्षं जुनं. सातशे प्रवासी, साडेचारशे कर्मचारी. दुसरं दीड लाख टनांचं, दोनच वर्षांचं, बांधायला आठ हजार कोटी लागलेले. पाच हजार प्रवासी, सोळाशे कर्मचारी. गुलाबरावांची उभी नोकरी कारखान्यात मशिनी तपासण्यात गेलेली. जुनी मशीन म्हणजे रोजची कटकट, आणि जिच्यापाशी माणसं कमी लागतात ती मशीन सोन्यासारखी, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. मोठ्या जहाजासमोर त्यांनी लाल पेन्सिलीनं 'पास' लिहिलं होतं. 'तीन प्रवाशांमागे एक कर्मचारी' या ओळीखाली तर दोन रेघा.

"साहेबानं काय लपवलं, बाबा? इथंच तर लिहून होतं. माणसं कमी आहेत म्हणून तुम्हीच शाबासकी देऊन राहिले."

"मला वाटलं, एवढं नवं जहाज, सगळं मशीनच करत असन."

"गादी मशीन नाही उचलत. वीस खोल्या, सकाळ-संध्याकाळ. माझ्यासंगची गीतांजली त्या जुन्या जहाजावर लागली. तिच्याकडे नऊ. दुपारी झोपते बी."

स्वयंपाकघरातून भावनाच्या आईचा, शेवंताबाईंचा आवाज आला, "अन् हे बाजारात कमानिया गेटवर छाती काढून सांगत फिरत होते, 'हमारी बेटी आठ हजार करोड़ के जहाज पे है!' जसं काही यांनीच विकत घेतलं."

"तू चूप बस," गुलाबराव म्हणाले. सवयीनं म्हणाले, जोर नव्हता त्यात.

त्यांना तो दिवस नको तितका स्पष्ट आठवला. भावनानं लहान जहाजावर बोट ठेवलं होतं. "बाबा, हे बरं वाटते. चार माणसं ओळखीची तरी होतील." आणि ते म्हणाले होते, "छोटीच पाहिजे तर ग्वारीघाटावर नदीत नावा काय कमी आहेत? तिथंच वल्हं मार." घरभर हशा पिकला. भावनाही हसली होती. तिनं तेव्हा भांडायला हवं होतं, असं आता त्यांना वाटलं. आणि पोरगी बापाशी भांडली नाही हाही तिचाच गुन्हा ठरवतोय आपण, हे कळून ते मनातच ओशाळले.

त्यांनी पत्र फाडलं. "चलो, साहेबाला दुसरं लिहितो. तुला त्या लहान जहाजावर घ्या म्हणून."

"तिथली भरती संपली."

"मग जाऊच नको. घरी राह्य."

"हेबी तुम्हीच ठरवलं?"

गुलाबरावांची मान खाली गेली. भावनानं तक्ता घडी घालून बाजूला सारला. आवाज चढवला नाही तिनं.

"शनिवारी जायचं का नाही, ते मी पाहीन. तुम्ही एवढंच सांगा. ते जहाज तुम्ही माझ्यासाठी निवडलं, का कमानिया गेटवरच्या लोकांसाठी? खाली काय पाहून राहिले, बाबा? माझ्याकडे पाहा. बोला."