तळापासून वर

माझा धंदा चिखल वाचण्याचा. जमिनीत लांब नळी ठोकायची, वर काढायची, उभी चिरायची आणि आत काय काय साचलंय ते तळापासून वर वाचत जायचं. नवखे लोक वरून खाली वाचतात आणि शिव्या खातात, बहुतेक वेळा माझ्या.

किनाऱ्यालगतची आमची गल्ली रिकामी करा, असा हुकूम निघाला. सगळे हलले, आई तेवढी हलेना. बावीस वर्षांपूर्वी बाबा मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. होडी सापडली, ते नाही. तेव्हापासून मागच्या दारात त्यांच्या चपला तशाच आहेत. "आले आणि घराला कुलूप दिसलं तर?" एवढंच तिचं म्हणणं. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. येत्या वादळात भिंत कोसळेल आणि ही आत सापडेल, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी मी तिच्याच परसात नळी ठोकली आणि चिरलेली अर्धी नळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली.

"जेवायच्या टेबलावर चिखल? लाज कशी वाटत नाही?"

"खाली वर्तमानपत्र घातलंय. बघ तरी."

तिने चष्मा लावला, वरून खाली बोट फिरवलं. "वर माती, खाली शिंपले. म्हणजे समुद्र होता, तो गेला. मग मला कशाला घाबरवतेस?"

"अगं, तळापासून वाच." मी तिचं बोट धरून खाली नेलं. "हे शिंपले सव्वा लाख वर्षांपूर्वीचे. मग जगातलं पाणी बर्फात अडकलं, समुद्र कुठच्या कुठे मागे हटला. हा काळा थर बघ, मुळं आहेत. इथे रान होतं. बर्फ वितळलं, समुद्र परत आला, रान बुडालं. पुन्हा शिंपले. मग लाटांनी वाळू आणून टाकली, तिच्यावर आपलं घर."

तिचं बोट सावकाश वर चढलं. "समुद्र, रान, समुद्र, आपण." नळी संपली तरी बोट पुढे गेलं, वर्तमानपत्रावर थांबलं. "आणि पुढे?"

"समुद्रच. कधीही."

जिंकले एकदाची, असं मला वाटलं.

आईने चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "तुझे बाबा त्याच पाण्यात आहेत ना?"

मी नळीखालचं वर्तमानपत्र सरळ केलं.

"म्हणजे तेच घरी येतायत की. आणि तू मला जा म्हणतेस?" पाहुण्यांची गाडी कधी पोचते ते विचारावं, तसं तिने विचारलं, "किती दिवस लागतील गं?"

मी घाईघाईने म्हणाले, "दिवस कसले? चाळीस वर्षं."

"आत्ता तर म्हणालीस, कधीही." ती उठली आणि मागच्या दारातल्या चपला आणून माझ्या हातात दिल्या. गार आणि ओल्या. तळांना वाळू.

"धुतल्यास?"

"मी कशाला धुऊ? महिनाभर रोज ओल्या होतायत. आधी मीही घाबरले होते."

मी दारापाशी जाऊन वाकले. फरशीच्या सांध्यातून पाणी वर येत होतं. जिभेला लावलं, खारट. भरती चढली की जमिनीखालचं पाणीही चढतं. हे मी अहवालात हजारदा लिहिलंय. तेच आईला सांगायला मी तोंड उघडलं.

ओल हळूहळू माझ्या पायांपर्यंत आली, आत येऊ लागली. मी दारातच उभी होते, वाट अडवून.

मी बाजूला झाले आणि बाबांच्या चपला पुन्हा जागेवर ठेवल्या.