नाथाजीला काहिलीत घेताना

मी पडलो की झोपतो. इटलीत तोफा चालू असताना मी खंदकात घोरायचो आणि माझ्या घोरण्यानं शेजाऱ्यांची झोप मोडायची, असं पलटणीतले सगळे सांगत. त्यामुळे माझ्या दोस्ताचं, सयाजीचं, झोपेतलं दुखणं मला आधी खरंच वाटेना. स्वप्न ते स्वप्न, तोंडावर पाणी मारलं की संपलं, असं माझं मत. सत्तेचाळीस सालच्या पावसाळ्यात हे मत मी त्याच्या बायकोसमोर, हरणावहिनीसमोर, मोठ्या ऐटीत मांडलं. तिनं बांगड्या वर सारल्या आणि मनगट पुढं केलं. त्यावर पाची बोटं काळीनिळी उठली होती. माझी ऐट तिथंच उतरली.

सयाजी, मी आणि शेजारच्या गावचा नाथाजी असे आम्ही तिघं एकाच तुकडीत होतो. इटलीतली ती नदी काही मोठी नव्हती; आमच्या गावाखालच्या कृष्णेपुढं ओढाच म्हणायची. पण दोन्ही काठांना उंच बांध आणि पलीकडच्या बांधावर जर्मन. मधोमध आमची कापडी होडी उलटली. मी कसाबसा काठाला लागलो. सयाजीनं नाथाजीचं मनगट पकडलं होतं, ते त्याच्या हातून सुटलं. नाथाजी परत दिसला नाही.

तेच सयाजीला रोज स्वप्नात दिसायचं. मनगट हातात येतं आणि सुटतं. म्हणून झोपेत हाताला जे लागेल ते तो जिवाच्या आकांतानं आवळायचा. कधी उशी, कधी बायकोचं मनगट. पोरगी झाल्यावर एकदा तिचा दंड त्याच्या मुठीत आला. घरातल्यांनी बोटं उपसून सोडवला तेव्हा पोरीला रडून रडून फेफरं यायची वेळ आली होती. त्या दिवसापासून सयाजी मळ्यातल्या खोपीत बैलांजवळ झोपायला लागला. दिवसाढवळ्यासुद्धा पोरीला हात लावेना. लांबून बघायचा आणि तोंड फिरवायचा.

उपाय कमी केले नव्हते. अंगारेधुपारे झाले, नदीवर दहीभात ठेवून झाला. मिरजेच्या एका डॉक्टरनं तपासून सरळ सांगितलं की शरीरात काही खोट नाही. हवं तर झोपेची पुडी देतो, पण स्वप्न पुडीनं जाईल असं सांगवत नाही. सयाजीनं पुडी घेतलीच नाही. पुडीनं डोळा उघडणार नाही आणि आपण तिथंच नदीत अडकून पडू, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं.

वहिनीचा भाऊ नानासो मात्र सांगून गेला होता की दिवाळीला गाडी घेऊन येतो, माय-लेकींना नेतो आणि परत धाडत नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझी बहीण असती तर मी दिवाळीपर्यंतही थांबलो नसतो. वहिनी त्याच्याशी भांडली नाही. दिवाळीला ये म्हणाली आणि कामाला लागली.

एका दुपारी तिनं मला मळ्यात बोलावून घेतलं. सयाजी बांधावर बसला होता. ती मला त्या नदीबद्दल विचारायला लागली. पात्र केवढं, ओढ कुठल्या अंगाला, पाणी गार किती. मी सांगत गेलो. ती भिलवडीकडची, नदीकाठची. आमच्या भागात पूर आला की गूळ शिजवायची मोठी लोखंडी काहील पाण्यात सोडतात आणि तीत बसून माणसं नदी ओलांडतात. तिच्या बापानं अशी कितीतरी माणसं काढली होती आणि ती लहानपणापासून त्याच्याबरोबर काहिलीत असायची. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली की असल्या पाण्यात कापडाची होडी नेलीच कशी, काहील का नाही नेली. मला हसू आलं. इटलीत कुठली आलीय काहील?

"सपनात मिळंल की," ती म्हणाली. "सपान त्येंचंच हाय न्हवं? आपली काईल न्यायला कोण अडवतंय?"

तिचा बेत असा होता, की सयाजीनं रोज दुपारी जागेपणी ते स्वप्न पहिल्यापासून तोंडानं सांगायचं, आणि मनगट हातात आलं की तिथून पुढचं बदलायचं. काहील येते, नाथाजीला आत घेतात, काठाला लागतात. इतकं सांगायचं की झोपेतही वाट तीच पडावी. मला तो पोरखेळ वाटला, पण मत मांडायची सोय उरली नव्हती. मनगट बघितलं होतं ना.

सयाजी मात्र उसळला. "नाथा बुडला. त्येला खोटंच वाचवू व्हय? मेलेल्या गड्याशी लबाडी करू?"

वहिनी त्याच्यासमोर मातीतच बसली. "आवं, नाथाजीभावजी एकदाच बुडलं. तुमी त्येंना रोज बुडवताय. त्येंनी तुमचं असं काय वाकडं केलंय?"

हे असं बोलायचं धाडस आमच्या मेजरसाहेबालाही झालं नसतं. सयाजीनं हातातलं ढेकूळ फोडलं. मग खालच्या आवाजात सांगायला लागला.

सुरुवातीला मनगटापाशी आलं की त्याची दातखीळ बसायची. कपाळावरून घाम निथळायचा. ती घाई करत नसे. परत पहिल्यापासून, म्हणायची. मग तिनंच ठरवलं की नुसत्या तोंडानं भागणार नाही. पाऊस उघडला होता, गुऱ्हाळाला अवकाश होता. आम्ही काहील गडगडवत नदीवर नेली आणि डोहाच्या संथ पाण्यात सोडली. आता नाथाजी पाहिजे. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. नाथाजी होता काटक, आणि मला माझी बायको कणगी म्हणते. पण दुसरं कोण मिळणार? मी गळाभर पाण्यात उतरलो. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसून हसून लोळल्या, त्यांत माझी बायको पुढं.

वहिनी काहिलीत वल्हं घेऊन, सयाजी काहिलीच्या कडेवरून ओणवा. त्यानं माझं मनगट धरलं आणि मला हिसक्यासरशी आत ओढलं. मी तळाला पालथा पडलो, पण मनगट काही सुटेना. तो ओणवाच, डोळे पाण्यावर. काहील त्याच्या अंगाला कलली. वहिनी वल्हं सोडून शांतपणे म्हणाली, "आत आलं भावजी. आता हात सोडा." तो सोडेना. काहील उलटली आणि आम्ही तिघंही पाण्यात.

काठावर पदर पिळत ती त्याला म्हणाली, "काईलीचा नेम हाय. मानूस आत आला की त्येचा हात सोडायचा आन मदी बसायचं. धरून ठिवलं की काईल कलती. मग त्योबी जातो आन आपुनबी."

सयाजीनं तिच्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की हात सुटला हाच आपला गुन्हा. हात सोडायचाही असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तर ते सुचलंही नसतं. त्या बाईपुढं मी मनातल्या मनात हात जोडले.

मग रोज तेच. धर, ओढ, आत घे, सोड, मध्ये बस. मला पडसं झालं, तरी नाथाजीला सुट्टी नव्हती. एका सकाळी सयाजी माझ्या दारात येऊन म्हणाला, "अर्जुना, राती काईल आली हुती रं. पर रिकामीच." आणखी काही दिवसांनी नाथाजी काहिलीत चढला, पण हात सुटेना. वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, चला पाण्यात.

दिवाळीला नानासो गाडी घेऊन आला. बैल जुंपलेलेच ठेवून मळ्यात आला, म्हणजे थांबायचं त्याच्या मनात नव्हतं. जेवणं झाली होती. सयाजी आंब्याखाली घोंगडीवर आडवा झाला आणि बोलता बोलता त्याचा डोळा लागला. वहिनीनं सासूच्या मांडीवरची झोपलेली पोर उचलली आणि त्याच्या उजव्या हाताशी नेऊन ठेवली.

नानासो ताडकन उठला, मीही उठलो. तिनं हात वर करून आम्हाला होतो तिथंच थांबवलं. ती पोरीपासून हातभर अंतरावर बसली. मला तिचा राग आला आणि भीतीही वाटली. पोटच्या पोरीवर असली परीक्षा घेतं का कुणी? पण तिचा चेहरा बघितला आणि पाय पुढं पडेना. तिचे ओठ पांढरे पडले होते.

थोड्या वेळानं सयाजीचा श्वास वाढला. हात घोंगडीवर चाचपडला, पोरीच्या दंडाला लागला आणि मिटला. पोरीनं डोळे उघडले. नानासोनं दात खाल्ले. वहिनी हलली नाही. सयाजी घशात काहीतरी पुटपुटला, खांदा मागं ओढला गेला, आणि मग मूठ सैल झाली. बोटं उघडली. हात घोंगडीवर उताणा पडला आणि तो तसाच झोपून राहिला. पोरगी त्याचं बोट धरून चोखायला लागली.

नानासो खाकरला, जाऊन बैल सोडले आणि त्यांना पाणी दाखवायला घेऊन गेला.

सयाजी उन्हं कलल्यावर जागा झाला. पोरीला शेजारी बघून तो धडपडत मागं सरकला. हितं हिला कुणी ठेवली, विचारायला लागला. वहिनी म्हणाली, मी ठेवली.

"म्या धरली हुती का हिला?"

"धरली हुती," ती म्हणाली. "आन सोडलीबी."

तो पोरीच्या दंडाकडं बघत राहिला. मग त्यानं तिला उचलून छातीशी घेतलं आणि आमच्या सगळ्यांसमोर, अगदी मेव्हण्यासमोर, मोठ्यानं रडला.