व्हय म्हणणारा

रिसीव्हर मानेत धरून दिनकर मटार सोलत होता. पलीकडे चंद्रकांतकाका डोंगराखालच्या बाजारातून, दुकानातल्या फोनवरून बोलत होते.

"उद्या मुंबयक चल्लंय, चेडवाकडे. आता परतूचा नाय."

दिनकरच्या हातातली शेंग तशीच राहिली. कोकणातल्या त्यांच्या वाडीतली घरं एकामागून एक मुंबईला गेली होती, तो स्वतः बँकेच्या बदलीने लखनौला येऊन अलीगंजात रुजला होता. मागे काका तेवढे उरले होते, आता तेही लेकीकडे निघाले होते. काका आहेत म्हणजे वाडी आहे, असं सोयीस्करपणे धरून त्याने दर शिमग्याला जाणं पुढे ढकललं होतं. आता त्याला काकांचाच राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

"काका, मी येतो ना. होळीला नक्की."

"येशीत तेव्हा येशीत. मी दमलंय रे. देवाक सांगल्याशिवाय कसो जाव? गाऱ्हाणा घालतंय, पण व्हय म्हणणारो कोण नाय. तू म्हण."

गाऱ्हाणं एकट्याचं नसतं. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं, तेव्हा कुठे ते पुरं होतं. लहानपणी या होकाराने देऊळ दणाणायचं.

काकांनी खाकरून सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, आज जा काय गाऱ्हाणा घालतंय ता मान्य करून घे रे महाराजा!"

"हाँ जी," दिनकर म्हणाला. बँकेची सवय.

"देवाक हिंदी कळता काय रे?"

"चुकलं काका. व्हय महाराजा."

"जे कोण पोटासाठी भायर गेले, त्यांका थंय सुखी ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा."

"आता शेवटचो दिवो लावणारो पण जाता. त्याका रजा दी रे महाराजा!"

दिनकरने हातातली शेंग खाली ठेवली. समोर बसलेली त्याची मुलगी जुई मटार सोलायची थांबली.

"पापा, क्या हुआ?"

त्याने मान हलवली. होळीचं तिकीट, चार दिवसांची रजा, सगळं तोंडाशी आलं. पलीकडे काकांचा थकलेला श्वास ऐकू येत होता. ते वाट पाहत होते.

"व्हय महाराजा," तो पुटपुटला.

"मोठ्यान म्हण, दिनकरा. हयसून देऊळ लांब आसा."

दिनकर उठून उभा राहिला आणि अलीगंजातल्या त्या दोन खोल्यांत बेंबीच्या देठापासून ओरडला.